‘जाणकाराला हे सुचलंच असतं’: तेलक्षेत्रासाठीच्या पॉलिमर कणांच्या पेटंटचा अनुभव

तेलविहिरींत सोडायच्या पॉलिमरच्या सूक्ष्मकणांवर आमच्या कॉलेजला भारतीय पेटंट मिळालं, त्याला आता वर्ष उलटून गेलं. अर्ज नोव्हेंबर २०२०चा, पेटंट जून २०२४चं. फॉर्म भरणं, फी भरणं, तारखा सांभाळणं हे सगळं निभतं. माणूस खचतो तो पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात ‘या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं’ अशा अर्थाचा परिच्छेद वाचून. त्याला उत्तर कसं द्यायचं, हे तेव्हा मला मराठीत कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पॉलिमर शिकवते. कायद्याबद्दल जे लिहिलंय ते आमच्या केसच्या निमित्ताने समजून घेतलेलं आहे.

आधी विषय सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

जुन्या तेलक्षेत्रात खडकातलं तेल ढकलून काढायला पाणी सोडतात. खडकाचे थर सारखे नसतात. एखादा थर जास्त सच्छिद्र असला की सगळं पाणी त्याच वाटेने पळतं आणि पलीकडच्या विहिरीतून तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागतं. शेजारच्या घट्ट थरातलं तेल तिथेच अडकून राहतं. या पळवाटेच्या थराला तेलवाले ‘थीफ झोन’ म्हणतात. तो खोलवर बुजवला तर पाणी दुसरीकडे वळतं आणि अडकलेलं तेल सुटतं. विहिरीच्या तोंडाशीच बुजवून उपयोग नाही, कारण पुढे गेल्यावर पाणी परत त्याच थरात शिरतं.

इथे पॉलिमरचे कण कामाला येतात. ते इतके बारीक असतात की थंड पाण्याबरोबर खडकाच्या छिद्रांतून सहज पुढे सरकतात. आत खोलवर, जिथे खडक गरम आहे तिथे, कणाला आवळून धरणारे काही रासायनिक बंध उष्णतेने तुटतात. मग कण भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात आणि छिद्रं बुजवतात. ही कल्पना आमची नाही. नव्वदीच्या दशकात काही बड्या तेल कंपन्यांनी आणि नाल्को या अमेरिकी रसायन कंपनीने मिळून तिच्यावर काम सुरू केलं, २००१ मध्ये इंडोनेशियातल्या मिनास तेलक्षेत्रात तिचा पहिला प्रयोग झाला आणि ‘ब्राइटवॉटर’ या नावाने ते उत्पादन ओळखलं जातं. त्याचं मूळ अमेरिकी पेटंट सप्टेंबर २००२चं, क्रमांक ६,४५४,००३. पुढे आमच्या विरोधात उभा राहिलेला मुख्य दस्तऐवज हाच.

आमचा प्रश्न वेगळा होता. जास्त गरम आणि खाऱ्या पाण्याच्या साठ्यात टिकायचं तर कणात एएमपीएस हा सल्फोनेट असलेला मोनोमर, म्हणजे पॉलिमरची साखळी ज्यांची बनते त्यांतला एक दुवा, भरपूर लागतो. (जगात हा मोनोमर मोठ्या प्रमाणावर बनतो तो आमच्या कोकणात, लोटे एमआयडीसीत. आमच्या लॅबमधला ड्रमही तिथलाच.) पण एएमपीएस वाढवला की कणाची पाणी ओढण्याची ताकदही वाढते आणि तो थंड पाण्यातच फुगायला लागतो. असा कण विहिरीच्या तोंडाशीच अडकणार. क्रॉसलिंकर, म्हणजे कणाला आवळून धरणारे बंध घालणारं रसायन, वाढवून आवळावा, तर गरम जागी पोचल्यावरही वेळेत उघडत नाही. आम्ही कण दोन थरांत बनवला. आतला गाभा एएमपीएसने भरलेला. बाहेरचं कवच एएमपीएस कमी असलेलं, आणि उष्णतेने तुटणारा क्रॉसलिंकर बहुतेक सगळा त्या कवचात. कवच तुटेपर्यंत गाभा दबून राहतो.

लॉकडाउननंतर लॅब उघडली तेव्हा हे पहिल्यांदा नीट जमलं. त्याच सुमारास माझ्या विद्यार्थिनीला एका परिषदेला गोषवारा पाठवायचा होता. पुण्यातले एक पेटंट एजंट आमच्या कॉलेजला आधी व्याख्यानाला येऊन गेले होते, त्यांना फोन केला. ते म्हणाले, “मॅडम, गोषवारा थांबवा. आधी प्रोव्हिजनल टाकू.” प्रोव्हिजनल म्हणजे तारीख पक्की करणारा प्राथमिक अर्ज. हे वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझंही हेच सांगणं आहे. आपल्या कायद्यात प्रसिद्धीनंतर अर्ज करण्याची सवलत फार तुटपुंजी आहे, तिच्या भरवशावर राहू नये. आधी अर्ज, मग पेपर.

प्रोव्हिजनल अर्ज मुंबई पेटंट ऑफिसला ऑनलाइन गेला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा या सगळ्यांचे अर्ज मुंबईलाच जातात, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. प्रत्यक्ष तिथे जायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. त्या वेळी शैक्षणिक संस्थेला फीत सवलत नव्हती, ८,००० रुपये भरले. एजंटांची मसुद्याची फी ३५,००० ठरली, त्यातली काही प्रोव्हिजनलला आणि उरलेली पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनाला.

प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावंच लागतं. ही तारीख गेली की अर्ज सोडून दिला असं धरतात. ते वर्ष आम्ही प्रयोगांत घालवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये नियम बदलले आणि मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांची फी ८० टक्क्यांनी उतरली. कॉलेजच्या प्राचार्यांना या सवलतीचा फॉर्म २८ समजावून सांगताना हाच आकडा कामी आला: तपासणीच्या विनंतीची फी २०,००० ऐवजी ४,०००. फॉर्म २८ सोबत संस्थेच्या मान्यतेचा कागद लागतो, तो कार्यालयातून वेळेवर काढून घ्या. आमच्याकडे तो तीन टेबलांवरून फिरून आला.

स्पेसिफिकेशन ४२ पानांचं झालं आणि क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारे मुद्दे, १४. तीस पानं आणि दहा क्लेम मूळ फीत बसतात. पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२० रुपये. म्हणजे १,९२० अधिक १,२८०. एजंट म्हणाले, पानं वाचवू नका. त्यांनी एक वाक्य मुद्दाम घालायला लावलं: कवचात क्रॉसलिंकर ठेवल्यामुळे थंड खाऱ्या पाण्यात कण फुगायला उशीर होतो आणि एकाच दमात बनवलेल्या कणात तसं होत नाही. सोबत एक छोटी तुलना, एकच तक्ता. मला तेव्हा ते वाक्य इतकं साधं वाटलं की त्याची गरजच कळली नव्हती. पुढे सगळी बाजू त्याच वाक्यावर उभी राहिली.

तपासणीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, आम्ही पूर्ण स्पेसिफिकेशनबरोबरच दिला. हा फॉर्म दिल्याशिवाय अर्ज कोणी उघडूनही बघत नाही. तेव्हा त्याला अठ्ठेचाळीस महिन्यांची मुदत होती, मार्च २०२४ पासून नव्या अर्जांना ती एकतीस महिन्यांची झाली आहे. उगाच लांबवू नका.

मग वाट पाहणं. जून २०२२ मध्ये अर्ज शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही विरोध दाखल करू शकतं, त्यामुळे पहिले काही महिने मी दर आठवड्याला स्टेटस बघत असे. विरोध आला नाही.

पहिला तपासणी अहवाल आला जानेवारी २०२३ मध्ये. सगळे त्याला एफईआर म्हणतात. पहिल्या पानावर एक तक्ता असतो, कुठल्या मुद्द्यावर आक्षेप आहे आणि कुठल्यावर नाही. नावीन्यावर आमच्या मुख्य क्लेमला आक्षेप नव्हता. इन्व्हेंटिव्ह स्टेपसमोर, म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचण्यापलीकडचा आहे का या मुद्द्यासमोर, मात्र सगळ्या चौदा क्लेमांना ‘नाही’ असं लिहिलेलं. शिवाय कलम ३(ई) खाली, म्हणजे नुसतं मिश्रण आहे म्हणून, दोन क्लेम अडवलेले.

अहवालात आपल्या विरोधातल्या जुन्या दस्तऐवजांना डी-१, डी-२ म्हणतात. डी-१ म्हणजे ते २००२चं अमेरिकी पेटंट. डी-२ म्हणजे रंगाच्या लॅटेक्समध्ये (पाण्यात विखुरलेल्या पॉलिमरमध्ये) गाभा-कवच कण बनवण्यावरचा एक जुना पेपर. तपासनिसांचं म्हणणं असं: डी-१ मध्ये ०.०५ ते १० मायक्रॉनचे कण आहेत, ॲक्रिलामाइड आणि एएमपीएस हे मोनोमर आहेत, उष्णतेने तुटणारा क्रॉसलिंकर ९,००० ते २,००,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि न तुटणारा शून्य ते ३०० पीपीएम आहे. अर्जदाराचं एकूण प्रमाण या पट्ट्यातच बसतं. गाभा-कवच रचना डी-२ मुळे सगळ्यांना माहीत आहे. मग डी-१चा कण डी-२च्या रीतीने बनवणं जाणकाराला सहज सुचलं असतं.

तो परिच्छेद मी दोनदा वाचला आणि मला ते पटलं. हे मुद्दाम सांगतेय. आपलंच काम दुसऱ्याने इतकं सरळ करून मांडलं की आपल्यालाच वाटायला लागतं, खरंच, यात काय होतं! माझी विद्यार्थिनी दोन दिवस लॅबला आली नाही. तिने त्या दुसऱ्या थरासाठी दीड वर्ष काढलं होतं. बाहेरचा थर आतल्या कणावर बसतच नव्हता, त्याऐवजी नवेच कण तयार होत होते.

एजंटांना फोन केला तेव्हा ते अगदी शांत होते. डी-१, डी-२ जोडून ‘सहज सुचलं असतं’ म्हणणं ही तपासणीची नेहमीची पहिली पायरी आहे, असं त्यांनी सांगितलं. उत्तराला सहा महिने असतात आणि मागितले तर आणखी तीन मिळतात. त्यांनी मला तीन प्रश्न लिहून पाठवले. डी-१ वाचून जाणकाराने फुगण्याची वेळ बदलायला काय केलं असतं? डी-२ हातात घ्यायचं त्याला काय कारण होतं? आणि घेतलं असतं तर ते चाललं असतं का?

त्यांनी वाचायला दिलेले निकालही उपयोगी पडले. सुप्रीम कोर्टाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल हा इन्व्हेंटिव्ह स्टेपचा पाया मानतात. भांडी लेथवर धरून ठेवायच्या साधनाचं ते पेटंट होतं आणि कोर्टाने ते टिकू दिलं नाही. नुसती कारखान्यातली सुधारणा पुरत नाही, त्याहून काहीतरी अधिक हवं, असं त्यात आहे. तो वाचून मी आणखी घाबरले. मग दिल्ली हायकोर्टाचा २०२२चा ॲग्रिबोर्ड निकाल वाचला. त्यात म्हटलंय की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज नाकारायचा तर कंट्रोलरने, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय, आणि पहिल्यावरून दुसरा जाणकाराला कसा सुचला असता, या तिन्हींची चर्चा करायला हवी. तो ‘कसा’ मला फार मोलाचा वाटला. शोध समोर आल्यावर मागे वळून दोन कागद जोडणं सोपं असतं. शोधाच्या आधीच्या दिवशी उभं राहून ते जोडता आले असते का, हा खरा प्रश्न आहे. आमच्या बाबतीत तो दिवस म्हणजे नोव्हेंबर २०२०मधली अर्जाची तारीख.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डी-१ मध्येच होतं. मी ते पेटंट ओळ न ओळ वाचलं आणि तुम्हीही आपल्या डी-१चं तसंच करा, नुसता सारांश वाचून थांबू नका. वेळ लांबवायची तर क्रॉसलिंकरचं प्रमाण आणि प्रकार बदला, असं ते शिकवतं. कणात तो कुठे असावा याबद्दल काहीच म्हणत नाही. एकाच दमात सगळं मिसळायचं आणि पॉलिमर करायचं. म्हणजे डी-१ हातात असलेला माणूस प्रमाण चाळवत बसला असता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला आमची दीड वर्षाची धडपड उपयोगी पडली. रंगाचं लॅटेक्स पाण्यात बनतं, आमचे कण तेलात तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबांत बनतात. प्रत्येक थेंब ही स्वतंत्र भट्टी असते. बाहेरून नवा मोनोमर सोडला की तो जुन्या थेंबांवर बसण्याऐवजी नवे थेंब करून बसतो. लॅटेक्सची रीत उचलून इथे लावली की दोन जातींचे वेगवेगळे कण मिळतात, दोन थरांचा एक कण मिळत नाही. लॅबच्या वहीत हे सगळं तारखेसह होतं. फसलेल्या बॅचच्या नोंदी कोणी फाडत नाही, पण कोणी नीट लिहीतही नाही. आमच्या विद्यार्थिनीने लिहिल्या होत्या.

तरी एजंटांचं समाधान झालं नाही. “युक्तिवाद चांगला आहे, पण आकडे हवेत. एकच गोष्ट बदलून तुलना करून दाखवा.”

त्या तुलनेचा आराखडा ठरवायला आम्हाला बराच वेळ लागला, आणि सगळ्या प्रवासात मला सगळ्यात समाधान देणारा भाग तोच. दोन बॅच करायच्या. दोन्हींत ॲक्रिलामाइड तेवढंच, एएमपीएस तेवढाच, तुटणारा क्रॉसलिंकर तेवढाच, न तुटणारा तेवढाच, आणि सगळी प्रमाणं डी-१च्या पट्ट्यात. फरक एकच: एका बॅचमध्ये सगळं एकदम, दुसऱ्यात दोन टप्प्यांत. म्हणजे जे काही वेगळं दिसेल ते फक्त मांडणीमुळे. प्रमाणामुळे झालं असं म्हणायला जागा राहत नाही.

दोन्ही बॅच कृत्रिम समुद्राच्या पाण्यात घालून ३० अंशांवर बाटल्यांत ठेवल्या, दुसरा संच ९० अंशांच्या ओव्हनमध्ये. तीन दिवसांनी ३० अंशांच्या बाटल्या काढल्या. एकदम मिसळलेल्या बॅचची बाटली कलती केली तर आतला हवेचा बुडबुडा अडखळत, वाकडातिकडा वर चढला, दाट पेजेतून चढतो तसा, म्हणजे कण थंड पाण्यातच फुगले होते. दोन थरांच्या बॅचमधला बुडबुडा पाण्यात जातो तसा झटकन वर गेला. विद्यार्थिनीने काही न बोलता दोन्ही बाटल्या परत कलत्या केल्या. नंतर लेझरने आकार मोजले, वाळूच्या नळीतून सोडून दाब मोजले, सगळे आलेख काढले. ९० अंशांवर दोन्ही फुगले, दोन थरांचे थोडे उशिरा. आम्हाला नेमकं हेच दाखवायचं होतं.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. अर्जानंतर केलेले प्रयोग देता येतात, पण ते मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सांगितलेल्या परिणामाला आधार देणारे असावे लागतात. नंतर सापडलेला नवा फायदा मागच्या दाराने आत आणता येत नाही. आमचं ते साधं वाक्य आणि छोटा तक्ता तिथे होता, म्हणून आमची तुलना पुराव्याला पुष्टी म्हणून उभी राहिली. प्रयोगाची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. स्टॅम्प पेपर (तेव्हा शंभर रुपयांचा), नोटरी, आणि प्रयोग कोणी, कधी, कोणत्या उपकरणावर केले ते स्पष्ट. उपकरणाच्या कॅलिब्रेशनचा दाखलाही सोबत जोडला.

क्लेमही आवळले. पहिल्या क्लेममध्ये आधी ‘गाभा आणि कवच असलेला कण’ एवढंच होतं. आता कवचात तुटणाऱ्या क्रॉसलिंकरचा किमान किती हिस्सा असेल तो घातला. हा आकडा मूळ स्पेसिफिकेशनमध्ये होता, म्हणूनच घालता आला. दुरुस्तीने क्लेम अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही. ३(ई)च्या दोन क्लेमांपैकी एक, कण आणि सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) एकत्र वापरायचा, आम्ही सोडून दिला. ते दोन मिळून काही वेगळं घडतं याचा डेटा आमच्याकडे नव्हता. सोडताना वाईट वाटलं, पण जे दाखवता येत नाही ते मागणं मला बरोबरही वाटत नव्हतं.

जुलै २०२३ मध्ये उत्तर गेलं, मुदतीच्या आतच. एजंटांची फी १५,०००. पेटंट ऑफिसला उत्तराची वेगळी फी नसते.

या काळात एक गोष्ट मी रात्री बसून करत असे, तीही सांगते. पेटंट ऑफिसच्या इन्पास या शोधयंत्रावर इतर अर्जांचे एफईआर, त्यांना दिलेली उत्तरं आणि कंट्रोलरचे आदेश फुकट वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे अर्ज शोधा आणि ‘व्ह्यू डॉक्युमेंट्स’मध्ये जा. लोक नेमकं काय लिहितात, कुठल्या उत्तरावर पेटंट मिळालं आणि कुठल्यावर नाकारलं गेलं, हे बघितल्यावर भीती निम्मी होते. मंजूर आदेश बहुतेक छोटे असतात. नाकारलेले आदेश लांब असतात आणि शिकायला तेच जास्त उपयोगी.

हिअरिंगची नोटीस आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. अर्ज मुंबईचा असला तरी कंट्रोलर दुसऱ्या शहरातल्या ऑफिसचे होते. आता असंच असतं, आणि हिअरिंग व्हिडिओवरच होते. नोटिशीत उरलेले आक्षेप लिहिलेले असतात. आमचा एकच उरला होता: इन्व्हेंटिव्ह स्टेप, डी-१ अधिक डी-२.

एजंट म्हणाले, “मॅडम, तुम्ही शेजारी बसा. कायद्याचं मी बोलतो, कणांचं तुम्ही बोला.” संशोधकाने हिअरिंगला बसावं, असं मी आग्रहाने सांगेन. कंट्रोलर स्वतः रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यांनी प्रस्तावना ऐकून घेतली आणि थेट विचारलं, “एकूण प्रमाण डी-१च्या पट्ट्यातच आहे, हे तुम्हालाही मान्य आहे ना?”

एजंटांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो सर, मान्य आहे. म्हणूनच तुलना त्याच प्रमाणावर केली आहे.” आणि दोन बॅचचा आलेख स्क्रीनवर लावला. ते काही क्षण तो बघत राहिले. मग दुसरा प्रश्न: गाभा-कवच ही इतकी जुनी रीत, जाणकाराने ती करून बघितली नसती का? मी थेंबांत काय होतं ते सांगितलं आणि वहीतल्या फसलेल्या बॅचच्या नोंदी दाखवल्या. डी-२ मध्ये कवच कशासाठी आहे, हेही दाखवलं: रंगाचा थर वाळताना चिकटावा म्हणून. फुगणं थांबवायला नाही. एजंटांनी मग ॲग्रिबोर्डचा मुद्दा मांडला. जेमतेम अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत लेखी निवेदन द्यावं लागतं. ही मुदत कडक आहे. आम्ही हिअरिंगच्या आधीच त्याचा मसुदा तयार ठेवला होता, बोलणं झाल्यावर फक्त कंट्रोलरच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात सविस्तर घातली. एजंटांची हिअरिंगची फी १२,०००.

पुढचे अडीच महिने मी स्टेटस बघायचं बंद केलं होतं. जूनच्या एका सकाळी विद्यार्थिनीचाच फोन आला, “मॅडम, ग्रँट दाखवतंय.” म्हणजे पेटंट मंजूर. आम्ही दोघी बराच वेळ फोनवर नुसत्याच हसत होतो. तोवर तिचा प्रबंध पूर्ण होऊन ती वापीला नोकरीला लागली होती. आदेशात कंट्रोलरने लिहिलं होतं की एकसारख्या प्रमाणावरची तुलना आणि क्लेममधली दुरुस्ती लक्षात घेता आक्षेप दूर झाला आहे.

एकूण खर्च मांडायचा तर सरकारी फी सुमारे १५,०००, एजंटांची ६२,०००, आणि चाचण्यांचा खर्च वेगळा. सरकारी फी कॉलेजने भरली. शिक्षण मंत्रालयाची कपिला नावाची योजना संस्थांना पेटंटच्या खर्चासाठी मदत करायला ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली होती. तुमच्या संस्थेच्या आयपी (बौद्धिक संपदा) सेलला तिची सध्याची स्थिती विचारून घ्या.

पेटंट मिळाल्यावर लगेच एक काम असतं, आणि ते कोणी सांगत नाही. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं धरतात, त्यामुळे ग्रँट होईपर्यंत गेलेल्या वर्षांची नूतनीकरण फी साचलेली असते. ती ग्रँटची नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत भरायची. आमची तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाची मिळून १,६०० होती, कारण सवलतीच्या दरात सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये आहेत. त्यापुढे ती वाढत जाते. २०२४च्या नियमांनी किमान चार वर्षांची फी ऑनलाइन आगाऊ भरली तर दहा टक्के सूट दिली आहे, तीही आम्ही घेतली.

ग्रँट प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर हितसंबंध असलेला कोणीही विरोध करू शकतो. ते वर्ष २०२५ मध्ये संपलं. विरोध आला असता तरी मुद्दा हाच निघाला असता, डी-१च्या शेजारी एखादा नवा डी-३ ठेवून. म्हणून त्या दोन बॅचचे उरलेले नमुने, वह्या आणि मूळ डेटा आम्ही कॉलेजच्या कपाटात कुलपात ठेवले आहेत, आणि किल्लीची नोंद आयपी सेलकडे आहे. प्राध्यापक बदलतात, विद्यार्थी जातात, पण पेटंटची मुदत नोव्हेंबर २०४० पर्यंत आहे.

आता राहिला फॉर्म २७, पेटंट वापरात आहे की नाही ते सांगणारा. तो पूर्वी दरवर्षी द्यावा लागे, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. आमचा पहिला हिशोब २०२५-२६ ते २०२७-२८ या वर्षांचा, आणि तो सप्टेंबर २०२८ अखेरपर्यंत द्यायचा आहे. तोवर खऱ्या खडकाच्या तुकड्यावर चाचणी व्हावी म्हणून आम्ही एका तेल कंपनीच्या संशोधन केंद्राशी पत्रव्यवहार सुरू केला आहे. त्यांनी नमुन्यासोबत पहिली मागणी केली ती त्याच दोन बॅचच्या तुलनेची.